भांडं वाजलं की

काल सुनेनं तांब्या वाजवला आणि माझ्या मांडीवरचं डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज, घरंगळत ओसरीच्या कडेपर्यंत गेलं. तिचं काही चुकलं नव्हतं. तिचे सासरे, म्हणजे आमचे मास्तर, माजघराच्या दारात वर्तमानपत्र धरून उभे होते. तिला घागर घेऊन पलीकडे जायचं होतं, म्हणून तिनं आपलं तांब्यावर बांगडी आपटून टुणटुण केलं. मास्तर बाजूला झाले, ती गेली, संपलं. मी मात्र घामाघूम. पोर बिचारी घागर टाकून धावत आली. "आई, काय झालं हो? विळी लागली का?" म्हटलं, "नाही गं बाई. मी अशीच आहे, मुलखाची भित्री."

आणि आहेच मी भित्री. पाली, गडगडाट, परका माणूस, पोस्टातली तार, सगळ्याला भिते. नंदुरबारला राहायला आले तेव्हा पहिले काही महिने आगगाडीची शिट्टी ऐकली की मी मुलं मोजायची. मास्तर हसतात. त्यांनीच मला लिहावाचायला शिकवलं. तेव्हाही ते म्हणायचे, "अक्षराला काय भितेस? ते चावत नाही." पण या सगळ्या भीतींच्या बुडाशी एकच भीती आहे, आणि ती दरवर्षी याच दिवसांत वर येते. बाजारात डांगरांच्या गाड्या लागतात, दुपारच्या उन्हात सगळ्या गल्लीला तो गोड, जरासा आंबूस वास सुटतो, लोक फोडी खात खात चालतात. मग वाटतं, एकदा लिहूनच टाकावं.

आमचं गाव तापीच्या काठावर, प्रकाशा गावाच्या खालच्या अंगाला. तेव्हा हा सगळा मुलूख पश्चिम खानदेशात मोडायचा, वर इंग्रजाचं राज्य, आणि आमच्यापुरती सत्ता म्हणाल तर नदीची. आम्ही पाण्यावर जगणारी माणसं. पावसाळ्यात आणि त्यामागून मासे, आणि नदी आटून वाळू उघडी पडली की डांगरमळे. पौषात वाळूत चर खणायचे, त्यात शेणखत भरायचं, बी टोचायचं, आणि मग घरच्या बाया सकाळ-संध्याकाळ घागरींनी पाणी घालत राहायच्या. वेल पसरायला लागले की तुराट्यांचे तट्टे उभे करायचे, नाहीतर वाऱ्यानं उडालेली वाळू कोवळी पानं गाडून टाकते. माघापासून ज्येष्ठापर्यंत आम्ही वाळूवरच खोपी घालून राहायचो. घर काठावर होतं, पण त्या दिवसांत घराला नुसतं कुलूप.

वाळूतलं ते राहणं आठवलं की आधी तळपाय आठवतात. दुपारी वाळू अशी तापायची की बाया एरंडाची पानं पायाला बांधून घागरी वाहायच्या. मग नाक आठवतं, वेलींचा केसाळ, उग्र वास. माय डांगराला टिचकी मारून कान लावायची आणि "हाऊ उद्या, हाऊ परवा" असं सांगत पुढे जायची. मला वाटायचं, डांगरं तिच्याशी बोलतात. रात्री कोल्हे यायचे, पिकलेलं तेवढंच हुडकून खायचे. आणि वरच्या बाजूला एक काळा डोह होता. तिथे साती आसरांचा वास आहे, असं बाया म्हणायच्या. हंगाम सुरू होताना त्या तिथे हळदकुंकू आणि हिरव्या बांगड्या वाहून यायच्या. आसरांना नवी नवरी आवडते, तिला त्या हाक मारून बोलावतात, अशी बोलवा होती. मी त्या बाजूला पाठ करूनच झोपायची.

त्या हंगामात आमच्या घरात नवी नवरी होती. माझी भावजय, दादाची बायको तुळसा. मी तिला वहिनी म्हणायची आणि ती मला, एवढ्याशा पोरीला, मानानं बाई म्हणायची. लग्न होऊन वर्ष होत आलं होतं. वहिनी उंच, हाडापेरानं दणकट, दोन घागरी डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन वाळूतून न डगमगता चालायची. पण तिचा आवाज कसा आहे हे घरात कोणाला माहीत नव्हतं. मलाही नाही.

आमच्याकडे सुनेनं सासऱ्यासमोर बोलायचं नसे. म्हणजे त्याच्याशी तर नाहीच, पण तो ऐकेल अशा आवाजात दुसऱ्या कोणाशीही नाही. काही सांगायचं झालं तर ती माझ्या कानाशी लागायची, कुजबुजायची, आणि मी मोठ्यानं म्हणायची, "आबा, वहिनी इचारस, भाकर वाढू का?" आबा मला सांगायचे, "वाढ म्हना." तीन हातांवर दोघं बसलेली आणि मध्ये मी! मला त्याचा केवढा तोरा होता म्हणून सांगू. आणि मी जवळ नसले, सुनेला सासऱ्यासमोरून जायचं असलं, किंवा आडोशाला अंग धुवायचं असलं, तर तिनं भांडं वाजवायचं किंवा बांगड्या. भांडं वाजलं की सासऱ्यानं खाकरायचं, तोंड फिरवायचं, डोळ्यांवर उपरणं घ्यायचं आणि आवाज थांबेपर्यंत तसंच राहायचं. चांगल्या घरचा माणूस कोण, हे त्यावरून कळायचं. आमचे आबा फार चांगल्या घरचे.

तो दिवस वैशाखाच्या अखेरचा. मळा संपत आला होता, शेवटची भरलेली गाडी घेऊन माय आणि दादा सकाळीच शहाद्याच्या बाजाराला गेले होते. आमचा मळा नदीच्या मधोमध उंचवट्यावर होता. पलीकडे मोठी धार, आणि अलीकडे, गावाच्या बाजूला, गुडघाभर पाण्याचा एक सोता. तो ओलांडला की काठ. मला ताप होता. आबा मला घेऊन खोपीत पडले होते. बाहेर वारा सुटला होता, तट्टे फडफडत होते, आणि आभाळ घासलेल्या ताटासारखं स्वच्छ होतं. ढगाची चिंधीसुद्धा नव्हती. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण पुढे मला कोणी "पाऊस नाही ना, मग कशाला भितेस" म्हटलं की मला तेच आभाळ दिसतं.

वहिनी झिऱ्यावर पाण्याला गेली. झिरा म्हणजे वाळूत खणलेला खड्डा, त्यात गाळीव पाणी पाझरून जमतं, ते आम्ही प्यायचो. उन्हाळ्याच्या शेवटी त्याच्या तळाशी वाटीनं पाणी भरावं लागे. तिनं पाहिलं तर झिरा काठोकाठ भरलेला, आणि पाणी लालसर, गढूळ. तिनं मान वर केली. सोत्यात फेस येत होता. फेसाबरोबर काटक्या, वाळलेल्या शेण्या, कुठल्या तरी शेताची पाचोळ्याची रास. कितीतरी वर, वऱ्हाडाकडे कुठेतरी वळीव कोसळला असणार. नदी आमच्याकडे निघाली होती, आणि तो निरोप फक्त वहिनीजवळ होता.

हे सगळं तिनं मला नंतर सांगितलं. मला खोपीत ऐकू आलं ते एवढंच, की बाहेर वहिनीनं हंडा वाजवला. टण, टण, टण. आबांनी खाकरलं, कूस बदलली, भिंतीकडे तोंड केलं. उपरण्याचं एक टोक स्वतःच्या चेहऱ्यावर ओढलं आणि दुसरं माझ्या.

"गप पड. तुन्ही भावजाई अंग धुई ऱ्हायनी व्हई."

हंडा थांबेना. जोरात वाजायला लागला. आबा आणखी आक्रसले. मला उपरण्याखाली त्यांचा श्वास ऐकू येत होता, आपण कुठे चुकून वळत तर नाही ना, अशा बेतानं घेतलेला. ती जितकं वाजवी तितके ते भिंतीला चिकटत. देवा रे! ती बाहेर म्हणत होती, उठा, पळा, आणि आबांना ऐकू येत होतं, बघू नका, हलू नका. दोघंही आपापल्या जागी अगदी शहाण्यासारखी वागत होती.

मी म्हटलं, "आबा, ती अजून वाजाडस."

"गप."

मग हंडा थांबला. ती काहीतरी बोलली, कोणाशी तरी, तट्ट्याशी किंवा वाऱ्याशी. आमच्याकडे बाया असं आडून बोलायच्या, गाईला सांगायचं आणि माणसानं ऐकायचं. पण बैल शहाद्याला गेले होते आणि वर्षभर कुजबुजून तिच्या गळ्यातून मोठा शब्द निघेना. जो निघाला तो वाऱ्यानं फडफडत नेला. मला नुसता एक घोगरा सूर ऐकू आला, आणि माझ्या तापलेल्या डोक्यात एकच आलं, आसरा. आसरा वहिनीला बोलावतायत. मी आबांच्या पाठीला घट्ट धरलं आणि डोळे मिटून घेतले. खोपीच्या तोंडाशी कोणाची तरी सावली पडली. आणि मग तो आवाज.

"आबा! ऊठा! पानी उनं! पानी!"

केवढा तो आवाज! जाड, भरदार, वाळूच्या या टोकाहून त्या टोकाला जाईल असा. कोणाचा आहे तेच मला कळेना. आबांनाही कळलं नसावं. कळलं तरी ते वळले नाहीत. त्यांची मान आणखीच ताठ झाली. तेव्हा वहिनी आत आली, तिनं आमच्या तोंडावरचं उपरणं ओढून फेकलं आणि सासऱ्याचं मनगट धरलं.

खोपीबाहेर पाय टाकला तो पाण्यातच. वेल पाण्याखाली हेलकावत होते आणि डांगरं देठापासून सुटून हळूहळू फिरत होती. आबांनी मला खांद्यावर घेतलं. सोता आता गुडघ्यापर्यंत नव्हता, आबांच्या कमरेला लागत होता, आणि त्याला ओढ होती. वहिनी पुढे, पायानं तळ चाचपत. मागे आबा, त्यांचं मनगट तिच्या मुठीत. एक डांगर येऊन माझ्या पायावर आपटलं आणि मी किंचाळले. मधेच आबांचा पाय सुटला, ते छातीपर्यंत गेले, माझ्या तोंडात पाणी गेलं. वहिनीनं मागे वळून दोन्ही हातांनी त्यांना ओढलं. तिचा डोक्यावरचा पदर केव्हाच पडला होता, केस सुटून तोंडावर आले होते. मागे आमची खोपी उचलली गेली, थोडा वेळ तशीच उभी वाहिली, आणि मग मोडली.

काठावर धुणं धुणाऱ्या बाया उभ्या होत्या. माझी चुलत काकू यसोदा त्यांच्यात होती. आम्ही वर आलो, आबांनी मला खाली ठेवलं, मी ओकत होते. आता काकू धावत येईल, मला जवळ घेईल, असं मला वाटलं. काकू वहिनीकडे बघत होती.

"व माय! हाई पोरनी सासराना हात धरा! डोकावर पदर नही, काही नही!"

वहिनीनं हात सोडला. जसा विस्तव सोडावा तसा. बाभळीच्या आड जाऊन ती गुडघ्यात तोंड घालून बसली.

लोकांना नदीची भीती वाटते, मलाही वाटते. पण त्या दुपारी घरात बसून मला जी भीती वाटली ती निराळीच होती. कुलूप उघडून आम्ही आत आलो, वहिनी कोपऱ्यात ओल्या लुगड्यानं बसली. बाया एकेक करून येत होत्या, उंबऱ्याशी बसत होत्या, बोलत होत्या. धाडी द्या तिले माहेरले. पंचांच्या कानावर घालावंच लागेल. आज हात धरला, उद्या काय करील? दुसऱ्या घरी अशीच एक सून सोडून दिली होती, तिचं पुढे काय झालं कोणाला ठाऊक आहे का? मग कोणीतरी ठाऊक आहे ते हळू आवाजात सांगितलं. आबा बाहेर ओट्यावर दाराकडे पाठ करून बसले होते. त्यांनी एक शब्द बोलायला हवा होता. नाही बोलले. थोड्या वेळानं नदी बघायला म्हणून उठून गेले. मला त्यांचा फार राग आला, आणि आबांचा राग आला म्हणून आणखी भीती वाटली.

वहिनी माझ्या कानाशी लागली. पुन्हा तोच श्वासासारखा आवाज. "बाई, माले धाडी देतीन का?"

मी तिचं तोंड होते ना? पण हा प्रश्न मोठ्यानं कोणाला विचारायचा, ते मला कळेना. मी नुसती तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडले.

दिवस कलता माय आली. रस्त्यातच तिला कळलं होतं, मळा गेला, माणसं वाचली, आणि सुनेनं काय केलं तेही. दादा बैल सोडायला गेला तो तिकडेच रेंगाळला. माय आत आली तशी बायांनी सरकून तिला वाट करून दिली. मायची घरात जरब होती. वहिनीला पोळी करपली म्हणूनसुद्धा ती फैलावर घ्यायची. काकूनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. मायनं ऐकून घेतलं. मग खुंटीवरचं स्वतःचं कोरडं लुगडं काढलं, वहिनीला उठवलं, सगळ्यांसमोर तिचे केस पुसले, लुगडं नेसवलं. निऱ्यासुद्धा मायनंच घातल्या. आणि मग माय तिथेच जमिनीवर बसली.

ती जे बोलली ते तिच्या बोलीत मला जसंच्या तसं लिहिता येणार नाही, माझ्या शाळेतल्या भाषेत लिहिते. म्हणाली, "यसोदा, तुझ्या लग्नाआधीची गोष्ट. माझा सासरा मळ्यात कसा गेला, तुला काय सांगितलंय?"

"झोपेत पान लागलं," काकू म्हणाली. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत.

"झोपेत नाही. तो जागा होता."

मायचा आवाज खाली आला होता. म्हणाली, "मी नवी होते. वेलीतून ते निघालं, मला दिसलं. सासऱ्याच्या पायाशी चाललं होतं. जवळ दुसरं कोणी नव्हतं. मी बांगड्या वाजवल्या. त्यानं खाकरलं, पागोट्याचं टोक तोंडावर घेतलं. मी आणखी वाजवल्या. तेव्हा त्यानं मला जायला वाट मिळावी म्हणून पाय आखडून कूस बदलली. पाय त्याच्यावरच पडला. माझ्या तोंडातून तेव्हाही शब्द निघाला नाही. बांगड्या फुटून हातात रुतल्या, तरी मी वाजवतच होते."

काकूनं तोंडावर पदर घेतला.

"सगळे म्हणाले, झोपेत लागलं. सून कुठे होती, कोणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. आज सांगते." आणि वहिनीकडे वळून, पुन्हा आपल्या बोलीत, "तू बोलनी ना? बरं करं, पोर. बरं करं."

तेवढ्यात ओट्यावर कोणीतरी खाकरलं.

आबा नदीवरून परत आले होते. कधी, कोण जाणे. बायांनी भराभर पदर ओढले. माय तशीच बसून राहिली. जो मेला तो आबांचा बाप होता. इतकी वर्षं तिनं या माणसाला वाढलं, त्याच्या मुलांचं केलं, दरवर्षी पित्रांत त्याच्या बापाचं पान मांडलं, आणि हे पोटात ठेवलं. आता सुनेला वाचवायला ते तिनं सगळ्यांसमोर ठेवून दिलं होतं, आणि त्यानं ऐकलं होतं. वहिनीनं माझा हात इतका दाबला की मला रडू आलं.

आबा दारात आले. बाया बसलेल्या घरात असं येऊन उभं राहायचं नसतं, पण ते उभे राहिले. भिजलेलं धोतर अंगावरच वाळलं होतं. त्यांनी मायकडे पाहिलं नाही. कोपऱ्याकडे पाहिलं, सरळ, तोंड न फिरवता.

"पोर, पानी दे."

मी सवयीनं उठले. सांगायचं मला, आणायचं तिनं, नेऊन द्यायचं मी, असंच होतं ना.

"तू बठ," आबा मला म्हणाले.

वहिनी उठली. माठातून पाणी घेताना तिच्या हातातून अर्धं सांडलं. सगळ्या बायांमधून वाट काढत ती दारापर्यंत गेली, आणि मान खाली घालून, पण नीट ऐकू येईल असं म्हणाली, "ल्या, आबा."

आबांनी तांब्या घेतला. वरून धार धरून थोडं पाणी प्यायले. मग तो तिच्या हातात परत दिला.

"बाकीनं तुन्ही सासूले दे," ते म्हणाले. "तिन्हा घसा कोरडा पडना व्हई."